हेडफोनवरचं अहिराणी गाणं

मंगळ. ४ फेब्रु.
संग्रहालयातलं हिपहॉपचं दालन जवळपास लावून झालं. इंदिरानगरच्या पोरांची जॅकेटं, पहिला माईक, पंचवटीतल्या ग्राफिटीचे फोटो. शेवटच्या हेडफोनवर सटाण्याची स्वाती. तिचा भाऊ वाळूच्या डंपरखाली गेला, त्यावर तिचं अहिराणी रॅप. डंपरमालकाचं नाव सरळ घेतलंय. संग्रहालयाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले होते, वकिलाला ऐकवू. विसरले. मीही आठवण करून दिली नाही.

शुक्र. ७
उद्घाटनाआधीच एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, बोलणं फार गोड. स्वातीचं गाणं तीनदा ऐकलं, डोळे मिटून. कॉलेजात तिचा कार्यक्रम ठेवायचाय म्हणाले, राहते कुठं? मी खूश. बाजार समितीमागे, मामाकडे... सगळं सांगून बसले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

सोम. १०
स्वातीला फोन केला. कॉलेजचं कुणी गेलंच नाही. पण शनिवारपासून घरासमोर एक गाडी उभी असते, आतले लोक उतरत नाहीत. पत्ता मी दिला, हे तिला सांगितलं. गाणं काढू का, विचारलं.
"नको ताई. हाई गानं मना भाऊनं शे." तिच्या भावाचं गाणं. राहू दिलं.

शुक्र. १४
उद्घाटन. स्वाती आली ती त्याच गृहस्थांबरोबर. माझ्याशी कायम अहिराणीत बोलणारी, आज पुस्तकी मराठीत:
"मॅडम, त्या गाण्यातलं सगळं खोटं आहे. कृपया काढून टाका."
माझ्याकडे बघितलं नाही. लिहून आणलेल्या कागदावर सही केली. गृहस्थ दारात, फोटो बघत. सरांनी हेडफोन काढायला सांगितला. मी काढला. तिला बाजूला घ्यायला हवं होतं. निदान पाणी विचारायच्या निमित्ताने.

शनि. १५
पोलीस चौकीत जाऊन आले. तिने स्वतः सही केली ना, मग तक्रार कसली, म्हणाले. गाण्याची कॉपी माझ्याकडे आहे. सरांना बोलले नाही.

मंगळ. १८
दुपारी स्वातीचा मिस्ड कॉल. लगेच लावला. उचलला, पण कुणी बोलेना. मी स्वाती, स्वाती करत राहिले. मग तोच गोड आवाज.
"बोला, मॅडम."
फोन ठेवून दिला.
आईला सांगितलंय, उद्या वणीला दर्शनाला जाते. तिकीट सटाण्याचं काढलंय.