लंबगोल चाकाचा आउट

मुदखेड, बुधवार

आयुष्मान धम्मदीपराव यांस दाजींचा सप्रेम जयभीम.

तुमची ताई खुशाल आहे, मांजर खुशाल आहे, मी नाही. तुमचा गुडघा कसा आहे? (कळवू नका. त्या गुडघ्यानेच हे सगळं सुरू झालं.) फोनवर तुम्ही हसता, म्हणून पत्र लिहितोय. शेजारचा नरसिंग उद्या तुमच्या लातूरला निघालाय, त्याच्या हाती देतो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे बसून, आमच्या पोरीच्या, धम्मप्रियेच्या देखत, तुम्ही गुडघ्यासाठी स्वतःच्या सायकलला बसवलेल्या लंबगोल चेनव्हीलचं गुणगान केलंत. पेडलजवळचं ते दातेरी चाक लंबगोल बसवलं की पायाचा जोर लागतो तिथे मोठं, जोर नसतो तिथे लहान, मग गुडघाही खूश आणि वेगही वाढतो, हे तुम्ही बशी फिरवून दाखवलंत. (बशीचा टवका उडाला आहे. तो विषय तुमची ताई काढेलच.) आता रविवारी पोरीची लातूरला पहिली ट्रायथलॉन. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एका दमात. चार महिने ती पहाटे उठतेय. बापाला वाटलं, आपणही काही करावं. तिला न सांगता चाक आणलं, यात माझा काय गुन्हा, ते सांगा.

नांदेडच्या दुकानदाराने चोपन्न दात्यांचं चाक काढून हातात ठेवलं. सायकल कोण चालवणार, जुन्याला दाते किती, चकार शब्दाने विचारलं नाही. औषधाच्या दुकानातसुद्धा ताप कुणाला आहे ते विचारतात हो! तिथून आमच्या लालमहंमदभाईंकडे गेलो. तीस वर्षं ते मुदखेडच्या सायकलींचा आउट, म्हणजे चाकांचा वाकडेपणा, काढताहेत. मी चहा सांगून परत येतो तो नवं चाक शिकंज्यात आवळलेलं आणि भाईंचा हातोडा वर गेलेला. म्हणाले, "साहेब, लई आउट हाय हे. नव्यातच फसवलं तुम्हाला. दोन मिनटात गोल करून देतो." मग मला बशी फिरवून दाखवावी लागली. दुकानात बसलेल्या तिघांनी शांतपणे ऐकलं आणि एकाने विचारलं की, मग टायरपण लंबगोल बसवायचे का. भाईंनी चाक बसवलं, पण जबाबदारी आपली नाही, असं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी नांदेड रस्त्याला गेली. उड्डाणपुलाच्या चढाला पेडल फिरेना, त्यात चेन निसटली. चार किलोमीटर सायकल ढकलत आली. काळे झालेले हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "पप्पा, मला इचारायचं तरी." त्याला आज चार दिवस झाले. मी शेजारी जेवत असतो, तरी मीठ आईकडून मागवते. आणि तुम्ही आता फोनवर सांगता की जुन्याइतकेच दाते घ्यायचे, नाहीतर दोन कमी; जास्त घेतले की पेडल जड होतं. हे बशी फिरवताना सांगायला काय झालं होतं? मला फार राग आलेला आहे, तो कृपया पोचला असं समजावं.

आपला,
धम्मानंद

ता. क. – दुकानदाराने विचारलं होतं. दोनदा विचारलं. तिच्या जुन्या चाकाला बावन्न दाते आहेत, हे मी मोजूनही गेलो होतो. पण तुमच्या लंबगोलाला बावन्न आहेत, म्हणून आपलं दोनाने मोठं असावं असं वाटून मी चोपन्न मागितलं.

ता. क. २ – तेव्हा तुमचं बावन्नचं शनिवारपर्यंत पाठवावं. गुडघ्याने आठ दिवस कळ काढावी.

ता. क. ३ – पाठवू नका. आत्ता लालमहंमदभाईंकडे जाऊन आलो. जुनं गोल चाक त्यांनी पुसून खिळ्याला टांगून ठेवलं होतं. धम्मप्रिया परवाच ते बसवून घेऊन गेली, आणि काल पुलाचा चढ सायकलवरून न उतरता चढली म्हणे. मला भाईंकडून कळलं.

काम एवढंच आहे. ती तुमच्याशी बोलते. रविवारी पप्पांनी लातूरला आलेलं चालेल का, तेवढं तिला विचारा. या खेपेला विचारूनच येईन म्हणतो.