बन्सीधरच्या बुटांचं माप

परभणी, ता. ८ डिसेंबर १९५७

ती. सौ. नर्मदाअक्कास बन्सीधरचा सा. न. वि. वि.

नीट जेवतोस का, असं विचारलंस. तिघांचं जेवतो; कमलची तीच तक्रार आहे.

पण आज लिहितो ते निराळ्या कारणानं. दिवाळीनंतर आमच्या तालमीत लोखंडी दांडा आला. दोन्ही टोकांना चकत्या लावायच्या, खांद्यावर घ्यायचा आणि डोक्यावर न्यायचा. फेब्रुवारीत जिल्ह्याच्या शर्यती आहेत, त्यात माझं नाव दिलंय. परवा माझ्या जोडीचा माणिकराव वजन डोक्यावर घेऊन उभा होता. पायांत कॅनव्हासचे बूट, खाली बोटभर मऊ रबर. डावा घोटा आत मुडपला आणि दांडा मागं आला. खांदा निखळला, मान थोडक्यात वाचली. मी समोरच होतो अक्का. तसलेच बूट माझ्याही पायांत होते.

काल अनवाणी उचलून पाहिलं, तर घामानं फरशीवर पाय सरकला. आता दांड्याला हात लावायच्या आधीच पोटऱ्या कापतात. कमलला तिसरा महिना आहे, तिला काही बोललो नाही. सोडावं वाटतं, पण भिऊन सोडलं तर पुन्हा तालमीची पायरी माझ्यानं चढवणार नाही.

दाजींना नमस्कार. माया कमी करू नकोस.

तुझा बन्सी

सेलू, ता. १३ डिसेंबर १९५७

चि. बन्सीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं अन् हाताचं पीठ हातालाच वाळलं. ‘सोड ते’ म्हणून दोनदा लिहिलं, दोन्ही कागद फाडले. तू ऐकणार न्हाईस, अन् चोरून उचलशील त्याची मला जास्ती धास्ती.

ह्यांच्या जिनिंगात मुंजाजी हमाल हाय. जलम गेला त्याचा कापसाच्या गाठी उचलण्यात. त्याला जेवायला बसवून विचारलं. तो म्हणला, गादीवर उभं ऱ्हाऊन कुणी गाठ उचलतं का बाई? मऊ तळ दबतो, अन् कुण्या बाजूला दबंल ते पायाला कळत न्हाई. तळ टणक पायजे, सपाट पायजे. बोटं पसरायला जागा पायजे, पण टाच आत हलली न्हाई पायजे.

मग धोंडीबा चांभाराकडं गेले. तो खरबरीत तळ लावून देतो म्हणला, टाचेला कातड्याचा एक थर जास्ती, वरून आवळायला पट्टा. माप मात्र खांद्यावर ओझं घेऊन काढायचं, कारण वजनाखाली पाऊल पसरतं. पावलाभोवतीची रेघ कमलकडून मारून घे. म्हणजे तिला सांगावंच लागंल.

जिवाला जप. माझा जीव तिथंच अडकलाय.

अक्का

परभणी, ता. १९ डिसेंबर १९५७

ती. सौ. वन्संस कमलचा सा. न. वि. वि.

मापाचा कागद सोबत आहे. त्यांनी खांद्यावर ज्वारीचं पोतं घेतलं आणि मी खाली बसून पेन्सिल फिरवली. रेघ वाकडी आली. मग तिच्या बाहेरून दुसरी मारली. चांभाराला म्हणावं, बाहेरच्या रेघेवर शिवा.

मला सगळं कळलं ते बरं झालं. जेवताना मध्येच त्यांचा घास थांबायचा, मला वाटायचं माझंच काही चुकतंय. जाऊ नका म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून पेन्सिलच मागितली. वन्सं, मला फार भीती वाटते.

आमच्यावर लोभ राहू द्यावा.

कमल

सेलू, ता. १४ जानेवारी १९५८

चि. बन्सीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे परभणीला यायलेत, त्यांच्यासंगं बूट अन् तीळगूळ धाडलाय. आधी हलक्या वजनावर वापर, कातडं पायाला बसू दे. घोटा जरा जरी हलला तर दांडा पुढं टाक अन् मागं सर. लोक हसले तर हसू दे. धोंडीबा, मुंजाजी, मी, आमी तिघं मिळून बूट देऊ शकतो, मान देऊ शकत न्हाई.

शर्यत झाली की लगेच कळव. तोवर घास उतरायचा न्हाई.

अक्का

परभणी, ता. १७ फेब्रुवारी १९५८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शर्यत काल झाली. दुसरा नंबर आला.

खरं सांगतो, नाव पुकारलं तेव्हा पळून जावंसं वाटलं. पहिल्या खेपेला दांडा छातीपर्यंत आला. वर न्यायचा धीर झाला नाही, पुढं टाकला. मागं कुणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला एकशे साठ रत्तल डोक्यावर गेलं. घोटे हलले नाहीत. तळाखाली फरशी पक्की लागत होती. पंचांनी हात खाली केला, मी दांडा ठेवला.

आणि मग, सगळं झाल्यावर, असे पाय कापायला लागले की मी कडेला मटकन बसलो. पट्टा सोडायला गेलो तर बोटांना बक्कल सापडेना. कमल शेजारच्या तानुबाईंबरोबर बायकांत बसली होती. ती उठली, एवढ्या पुरुषांमधून सरळ चालत आली, माझ्यासमोर बसली आणि दोन्ही बूट सोडले. आजवर चार माणसांत ती माझ्याशी बोललेली नाही. कालही बोलली नाही. बूट पदराखाली घेतले आणि पुढं चालू लागली. मी अनवाणी मागं.

पत्र मिळताच जेवून घे. दाजींना नमस्कार, आणि अशीच रागवत राहा.

तुझा बन्सी