घरातला लोड

३ मार्च, सोमवार

परत लाइट गेले! मी दुकानात चष्म्याच्या काचा घासतेय आणि शेजारच्या काकूंचा फोन — "आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. सिलिंडर लावलाय मी, काळजी करू नकोस." काळजी करू नकोस म्हणे! ऑक्सिजनशिवाय तिने राहायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. सिलिंडरची चावी आईच्या बोटांनी फिरत नाही. काकू घरी नसत्या तर? आता जनरेटर घ्यायचाच. संपला विषय.

४ मार्च, मंगळवार

विषय कसला संपतोय! जनरेटरवाल्या दुकानदाराने दाखवून दाखवून डोकं उठवलं. एक दोरी ओढून सुरू होतो — ओढणार कोण, आई? आपोआप सुरू होणारा हवा. त्यातही लहान, मोठा. धुरामुळे घरात ठेवायचा नाही, बाहेर ठेवला तर नेमका काकूंच्या खिडकीखाली.

धाकट्याला फोन केला. "ताई, लोड घेऊ नकोस गं. तुला बरा वाटेल तो घे." झालं, याचं कर्तव्य संपलं! लांबून बोलायला याचं काय जातंय.

६ मार्च, गुरुवार

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. आल्या आल्या विचारलं, "घरात लोड किती?" आई पलंगावरून — "दोन. एकाचा कापूस बाहेर आलाय."

इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी! तो बिचारा बावचळला. मग त्याला फ्रीज, पंप, इस्त्री सगळं दाखवलं. म्हणाला, "खरा लोड या मशीनचा. फ्रीज मधेमधे दम खातो, हे अखंड चालतं." आणि जाता जाता — "थोडा लोड कमी करा ताई, छोट्यात भागेल."

आई म्हणाली, "माणूस शहाणा आहे हो."

७ मार्च, शुक्रवार

कंटाळा. नुसता कंटाळा.

८ मार्च, शनिवार

दुपारी लाइट गेले होते म्हणे. काकूंना हाक का नाही मारली? "थोडा वेळच तर गं. जमलं मला." जमलं म्हणे! खूप ओरडले तिच्यावर. सगळ्याचा लोड माझ्या एकटीच्या डोक्यावर, असंही बोलून गेले. नको होतं बोलायला.

१० मार्च, सोमवार

आजही गेले होते म्हणे. काकूंना विचारलं तर, "आमच्याकडे होते बाई, मी मालिका बघत होते." फेज वेगळा असेल. वीजवाल्यांना फोन लावला — "तुमच्या भागातून तक्रार नाही." यांच्याकडे कधी असते!

आईचा चेहरा उतरलाय. जेवलीही नाही धड. मला मेलीला पाठ टेकायची पडलीय. इस्त्री, पंप वगळून छोटाच घ्यावा आणि मोकळं व्हावं.

१२ मार्च, बुधवार

छोटा ठरवला. आईला सांगितलं. "नकोच घेऊस त्यापेक्षा," म्हणाली. "मला सवय होतेय."

कसली सवय? डोळे मिटत होते माझे. विचारलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

दुकान लवकर बंद झालं. दाराशी आले — मशीनची घरघर नाही. चपलांसकट आत धावले. आई निपचित पडलेली, नळी काढून उशाशी ठेवलेली, ओठ निळे. आधी सिलिंडर! चावी फिरवली, नळी नाकाला लावली. डॉक्टरांना बोलावलं. हळूहळू तिचा रंग परतला.

"लाइट गेलेत गं," म्हणाली.

डोक्यावर पंखा फिरत होता. मशीनचं बटण तिने स्वतः बंद केलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी बोलली एकदाची. "तो इलेक्ट्रिशियनच म्हणाला ना, लोड कमी करा. माझ्याशिवाय दुसरं काय कमी करणार होते मी?"

नुसती रडले.

मोठाच सांगून आले. मग तिच्याशेजारी बसले, खांद्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, "अगं वेडे, घरात लोड टेकायला असतो!"

"एकाचा कापूस बाहेर आलाय," म्हणाली.