माझं निळं झंपर

२ सप्टें.
आज केमोचं शेवटचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं घागरसुद्धा उचलायची नाही. स्तन गेला तो गेला, आता हातही गेल्यात जमा. हे शेजारीच बसले होते. ऑपरेशन झाल्यापासून सोसायटीच्या चारा छावणीवर झोपतात. म्हणे, जनावरांजवळ कुणीतरी पाहिजे. दोनच तर बैल!

९ सप्टें.
टँकर आजही नाही. छावणीवर नवा मुकादम आलाय, धारूरकडचा. ऊसतोडीच्या जोड्या लिहून घेतोय. नवरा-बायको मिळून एक कोयता; आगाऊ उचल धडधाकट जोडीलाच. तोडायचं ह्यांनी, मोळ्या डोक्यावर वाहायच्या मी. आठ वर्षं असंच. यंदा ह्यांच्याबरोबर कोण? विचारलं तर, "बगू की."
चुलत जाऊ मंगल नवरा वारल्यापासून एकटी. धडधाकट. काल तिच्या दारात ह्यांची गाडी होती.

१४ सप्टें.
पेटीत माझं निळं झंपर नाही. पिंकी म्हणते, पप्पांनी पिशवीत घातलं, आईला सांगू नको म्हणले. चार वर्षांची पोर खोटं कशाला बोलेल? मंगलचं माप माझंच. म्हणजे माझं आधीचं.
जीव नुसता जळतोय.

१५ सप्टें.
पाण्याच्या रांगेत मंगलला आडून विचारलं. यंदा भावासंग जाणार म्हणाली. सरळ बघून बोलली. तरी खरं वाटेना.

१७ सप्टें.
हे पाटोद्याहून आले. झंपर माझ्यापुढं ठेवलं नि बाहेर गेले. शिंप्याकडून डाव्या बाजूला आतून कापूस शिवून आणलाय. केस गेलेले पदराखाली झाकतं, हे झाकत नव्हतं. घालून आरशापुढं उभी राहिले. पहिल्यासारखी दिसले. लई बरं वाटलं. मंगलचं मनात आणलं त्याची लाज वाटली.
आज घरीच झोपणार म्हणालेत.

१८ सप्टें.
सकाळी चहा पिताना म्हणाले, "ते निळं झंपर घाल. मुकादम येणार हाय."
"जोडीत नाव कुणाचं दिलंय तुमी?"
"तुजंच. त्याला आजाराचं काय म्हाईत न्हाई."
"अन् मोळ्या?"
"मी वाहीन. तू नुसती संग चल."
कापूस माझ्यासाठी शिवला, का मुकादमासाठी? 
झंपर मांडीवर घेऊन बसलेय. बाहेर मुकादमाची गाडी थांबली. हे हाक मारतायत.