कामरेजहून आलेले पाच तारे

लिंबायत, सुरत
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय योगिताताईस,

धाकट्या वर्षाचा मनापासून नमस्कार.

पाकिटावरचे माझे अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सारे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढेच. फोन करावा असे अनेकदा वाटले. परंतु तुला ठाऊकच आहे, बोलताना माझे वाक्य अर्ध्यावर अडते. कागदावर निदान ते पूर्ण होते.

मी आता रिंग रोडवरील एका ऑनलाइन मार्केटिंगच्या कार्यालयात नोकरी करते. साडीच्या दुकानांची इंटरनेटवरील पाने सांभाळणे हे माझे काम. पूर्वी आम्हीच दुकानाचे गोड वर्णन लिहायचो आणि जाहिरात लावायचो. आता ज्या कंपनीच्या शोधयंत्रावर लोक दुकान शोधतात, तिनेच गिऱ्हाइकांच्या हाती तारे, अभिप्राय आणि छायाचित्रे दिली आहेत. लोक बोलतात आणि त्यांच्या बोलण्यावरून दुकान वर चढते किंवा खाली जाते. आमच्या वाट्याला उत्तर लिहिणे तेवढे उरले आहे. दुकानदाराच्या नावाने मी दिवसभर "आपले मनःपूर्वक आभार, पुन्हा अवश्य यावे" असे लिहीत असते. शाळेतील निबंधाच्या बक्षिसांचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

आप्पांनी मार्केटातील साड्यांच्या घडीचे काम सोडले आणि दसऱ्याला आपल्या गल्लीच्या तोंडाशी स्वतःचे छोटे दुकान उघडले. त्या पूजेला तुला बोलावणे गेले नाही. त्याविषयी एक वाक्य लिहायला घेतले होते. ते कागदावरही जमले नाही.

पूजेच्या दिवशी आप्पांनी सर्वांना सांगितले, "आहेर नको. वर्षाच्या त्या पानावर चांगलं लिहा." मग काय, पुष्पाआत्याने प्रसाद वाटावा तसे फोन गोळा केले. दुकानाच्याच वायफायवर, एकाच संध्याकाळी, सगळ्या भाऊबंदांनी पाच-पाच तारे दिले. मजकूर आत्यानेच सांगितला: "दुकान फार छान, साड्या एक नंबर." सगळ्यांनी तोच लिहिला. आत्या मला म्हणाली, "पाचबी तारा दी टाक्यात मी. आखो किती देऊ?"

असे करू नये हे मला माहीत होते. ते माझ्या रोजच्या कामातले होते. पण पाहुण्यांनी भरलेल्या दुकानात मी दोनदा "आत्या, ऐक ना" म्हटले आणि दोन्ही वेळा तिने माझ्या तोंडात पेढा घातला.

आठवड्याभरात दुकानाचे पान बंद झाले. ऐन दिवाळीत आणि पुढे लग्नसराईतही आपले दुकान शोधयंत्रावर कोणालाच दिसेना. खोटे अभिप्राय गोळा करणाऱ्या दुकानांसारखेच आपले दिसले असणार. आमचे प्रशांत सर हसून म्हणाले, "बेन, रिश्तेदारों का प्यार मशीन नहीं समझती." आप्पांना मात्र हसू आले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालून त्यांनी हे दुकान उभे केले आहे. रिकाम्या दुकानात ते घातलेल्याच घड्या उलगडून पुन्हा घालत बसत.

पान परत मिळवण्यासाठी दुकानाचा व्हिडिओ पाठवावा लागला: पाटी, उघडणारे शटर, गल्ल्यामागे उभे असलेले माणूस. ते माणूस मी झाले. माझा आवाज तीनदा फाटला. तू असतीस तर हसून लोळली असतीस आणि मग स्वतः उभी राहून एका दमात बोलून मोकळी झाली असतीस.

पान परत आले, पण नातेवाइकांचे सगळे शब्द पुसले गेले होते. खाली एकच अभिप्राय होता आणि तो नवा होता. कामरेजच्या कोणा सुषमाबाईंचा. त्यांनी फोनवरून मोरपंखी साडी मागवली होती आणि मी ती कुरिअरने पाठवली होती. पाच तारे देऊन त्यांनी लिहिले होते, "रंग छायाचित्रात दिसतो तसाच आहे. काठ जरा कडक आहे, पहिल्या धुण्यात मऊ होईल. फॉल लावून झाला." सोबत त्या साडीचे छायाचित्र.

मी नेहमीप्रमाणे आभार टंकत होते. आप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"हाई घडी आपली शे," ते म्हणाले.

मीही तेव्हा नीट पाहिले. आप्पा पदर वर ठेवून त्याचा एक कोपरा आत दुमडतात, म्हणजे न उलगडता काठ दिसतो. गिऱ्हाइकाने साडी एकदा उलगडली की ती घडी त्याला पुन्हा जमत नाही. इथे तर फॉल लावून झालेला, आणि कोपरा आत. लहानपणी आपण दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवून झाल्या की तशीच घडी घालायचो. माझा कोपरा नेहमी सुटायचा, तुझा कधीच नाही.

ताई, शेजारच्या सुषमाताईंचा फोन मागून घ्यायची वेळ तुझ्यावर आली.

गेली दोन वर्षे या घरात तुझे नाव उच्चारले गेलेले नाही. दाजींचे, त्यांच्या जातीचे तर नाहीच. आप्पा फक्त "कामरेज" म्हणतात. वर्तमानपत्रात त्या गावाची बातमी आली तर ती शेवटपर्यंत वाचतात.

त्या दिवशी त्यांनी उत्तर स्वतः सांगितले. "तिले लिख, ब्लाउज पीस आठेच राही गया. ईसन लई जाय."

मी म्हटले, "आप्पा, ब्लाउज पीस साडीलाच जोडलेला होता. मीच पाठवली ना."

"तू लिख ना."

मी लिहिले, "ब्लाउज पीस इथेच राहिला आहे, येऊन घेऊन जावा." तू ते वाचले असशील, साडी उलगडून पाहिली असशील, आणि दुकानाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे उत्तर तुला दिले असे समजून गप्प बसली असशील. म्हणून हे पत्र, कुरिअरच्या पत्त्यावर. त्या पानावरील सारी उत्तरे माझी असतात. हे एक माझे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ताग्यातून मोरपंखी तुकडा कापला, घडी घातली आणि काचेच्या कपाटात समोरच ठेवला. काल एका बाईंनी तो मागितला. "तो दिलेला आहे," आप्पा म्हणाले. मग मला पानावरची वेळ बदलायला लावली. रविवारी दुकान बंद असायचे. आता तिथे "उघडे" असे दिसेल. सुषमाताईंच्या फोनवर पाहून खात्री करून घे.

हे पत्र मी दुकानातच लिहीत आहे. आप्पा समोर बसले आहेत. "काय लिखी राहिनी?" असे त्यांनी विचारले, म्हणून खालची शेवटची ओळ आधीच लिहून त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी ती खोडायला सांगितली नाही.

राकेशदाजींना माझा नमस्कार सांग, आणि येताना त्यांना घेऊन ये.

कोपरा अजूनही न जमणारी,
तुझी वर्षा