सातव्या मैलावरची भेट

स्प्रूस क्रीक कॅम्प, साउथ डकोटा
१७ सप्टेंबर

चि. मार्नीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. इथे सकाळी गवतावरचं दव गोठायला लागलंय, तेव्हा अगदी वेळेवर आले. आमच्या फिरत्या घराची बाहेर सरकणारी भिंत पुन्हा अडकली होती, बाबांनी दोन लाथा घालून तिला ताळ्यावर आणलं. कॅम्प सांभाळणारी डेल्मा रोज विचारते, "अजून किती वर्षं संसाराला चाकं लावून हिंडणार?" मी नुसती हसते.

आज जुन्या रेल्वेच्या वाटेवर चाललो. रूळ कधीच उखडलेत, बोगदे आणि लाकडी पूल तेवढे उरलेत. वाट चौदा मैलांची. जाऊन-येऊन अठ्ठावीस आमच्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत, म्हणून आमची नेहमीची रीत. घराच्या मागे बांधून आणलेली छोटी मोटार एकाने पलीकडच्या टोकाला न्यायची आणि तिथून चालत निघायचं, दुसऱ्याने कॅम्पवरून. सातव्या मैलावर सँडविच खायचं आणि मोटारीची किल्ली हातात द्यायची. पलीकडे पोचणाऱ्याने मोटार घेऊन यायचं.

मोटार बाबांनी नेली. होय, एकट्यांनी. ईस्टरला तू माझ्याकडून वचन घेतलं होतंस, ते मी मोडलं. चिडायचं ते नंतर चीड.

सातव्या मैलाजवळ मी बोगद्यातून बाहेर आले तर ते समोरून येत होते. इतकं बरं वाटलं मला! त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "छान हवा आहे, बाई."

मला वाटलं, थट्टा. "पुरे तुझं नाटक, किल्ली दे," मी म्हटलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "ती माझ्या बायकोसाठी आहे. ती येतेय कॅम्पकडून."

"लोवेल, अरे मीच नोरीन!"

"योगायोग आहे. तिचंही नाव तेच," म्हणाले आणि कॅम्पच्या दिशेने चालायला लागले.

सात मैल मी पन्नास पावलं सोडून त्यांच्या मागे चालले. जवळ गेले की म्हणायचे, "बाई, पाठ सोडा. तिने पाहिलं तर माझं काही खरं नाही." प्रत्येक पुलावर थांबून मला हाका मारायचे. पहिल्या पुलावर मी ओ दिली तर इतके दचकले, की पुढे दिली नाही. मी रडत होते, पण तोंडावर हात धरून.

हे आजचं नाही, मार्नी. जुलैपासून फारच वाढलंय. रविवारी फोनवर बाबा तुझ्याशी बोलायचे, ते शब्द मी शेजारी बसून कागदावर लिहून द्यायचे. तू म्हणालीस, "आई, तू खोटं बोलतेस," आणि मी फोन आपटला. खोटंच बोलत होते. तू त्यांना कुठेतरी नेऊन ठेवशील आणि मी एकटी उरेन, ही भीती होती. आता ते माझ्या शेजारी आहेत आणि मी एकटीच आहे.

माझ्यात काही उरलेलं नाही. घराचं हे धूड मला चालवता येत नाही, मोटार चौदा मैलांवर, किल्ली त्यांच्या मुठीत. डेल्मा उद्या गावात जाईल, तिच्याकडे हे पत्र देते. तिचा फोन वापर म्हणाली होती. नको म्हटलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा "सगळं ठीक आहे" म्हणेन.

ऊन उतरलंय. ते पायरीवर बसून वाटेकडे बघताहेत. मघाशी मी अर्धं सँडविच दिलं, तर "तिच्यासाठी राहू दे" म्हणाले. मग विचारलं, "कुणाला लिहिताय?"

"मुलीला."

"मग माझ्याही मुलीला दोन ओळी लिहाल? मार्नी तिचं नाव. तिला म्हणावं, तुझी आई अजून आलेली नाही. तू लगेच नीघ."

म्हणून कळवते आहे.

आई