यमुनाबाईंच्या तीन काचा

९ नोव्हेंबर २००४, वसई
सकाळपासून एकच स्लाइड. यमुनाबाई, वय ५८, जूचंद्र. पाळी जाऊन आठ वर्षं, आता पुन्हा रक्त. डॉ. नाईकांनी तुकडा काढून माझ्या लॅबला पाठवला. कॅन्सर आहे, शंका नाही. पण सुरू कुठे झाला? गर्भाशयाच्या अस्तरात की खाली मुखाशी? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात दोन्ही सख्ख्या बहिणी. माझा कल मुखाकडे.

१० नोव्हें.
नाईकांचा फोन. "मॅडम, एक काय ते सांगा. अस्तराचा असेल तर इथेच पिशवी काढतो. मुखाचा असेल तर उपचारच वेगळे, मुंबईला धाडायला हवं." म्हटलं, अंदाजावर सही नाही करणार. ते जरा चिडले.
दुपारी यमुनाबाई आल्या, सोबत सून सुनंदा. "आदी पानी द्या," यमुनाबाई म्हणाल्या. मग समजावलं : तुकडा मुंबईच्या लॅबला जाईल, खास रंग देतील, आठ दिवस.
"माजा तुकडा मुंबय बगनार, नी मी हितंच!"
सुनेच्या डोळ्यांत पाणी, आणि या हसतायत. मलाही हसू आवरेना.

१८ नोव्हें.
काचा आल्या. आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर माहीत असलेल्या नमुन्यांच्या काचा पाहिल्या, रंग नीट चढलाय. मग यमुनाबाईंच्या या तीन, प्रत्येकीत एकेका प्रथिनाचा शोध; तपकिरी म्हणजे सापडलं. ईआर : तपकिरी, भरपूर. व्हायमेंटिन : तपकिरी. सीईए : जवळपास कोरी. तिन्हींची साक्ष एकच, अस्तर; मुखाचा असता तर बहुधा उलटं दिसलं असतं. परत परत पाहिलं. त्या दिवशी कलावर सही ठोकली असती तर...
चहा गार झाला. तसाच प्यायले, गोड लागला.

१९ नोव्हें.
नाईक : "बरं झालं थांबवलंत." एवढंच. पुरे.
यमुनाबाईंना सांगितलं. "म्हंजे कोन हाय तो ठरला?"
"ठरला."
"मंग टाका काडून."

२५ नोव्हें.
काल ऑपरेशन झालं. आज पिशवी बरणीतून माझ्याकडे. कापली. गाठ अस्तरातच, मुख स्वच्छ दिसतंय. हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण स्नायूत किती खोल गेलीय, ज्यावर रेडिएशनचे 'लाइट' ठरतात, ते डोळ्यांनी कळत नाही. तुकडे काचा बनवायला प्रोसेसिंगला टाकले.
सुनंदाचा फोन. सासूबाई उठून बसल्या, पेज प्यायल्या, "मीठ कमी हाय" म्हणाल्या. मग हळूच, "मॅडम, लाइट द्यावे लागतील का हो?"
"परवा सांगते," म्हटलं.